काय दिसतं, सांग

आमच्या गल्लीतला शिदू अत्तर हुंगत नाही, बघतो. बाटलीचं बूच काढतो, बाटली नाकापासून चार बोटं लांब धरतो, डोळे मिटतो आणि मान वर करून बसतो. थेटरात पहिल्या रांगेतला माणूस बसतो ना, तसा. मग बोलायला लागतो.

"अंधार हाय. दगडी पायऱ्या हायत. भिंतीला वल आलीया. कोनतरी उतरतंय खाली. पाठमोरं हाय..."

समोर मिरजेचा अत्तरवाला बशीरभाई पेटी उघडून बसलेला असतो. तो म्हणतो, "आण्णा, बूच लावा. निम्मं उडून जाईल."

"थांब की गड्या. आत्ता कुठं तोंड वळवाय लागलंय."

गल्लीतली दोन-चार माणसं श्वास धरून उभी राहतात. शिदू डोळे उघडतो आणि बाटली परत देतो.

"तुटला पिच्चर. ठिव परत."

हे दर महिन्याला चालतं. वीस वर्षं मी बघतोय.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की हा कोण सांगणारा. माझं गाव कुंडल. शाळा चौथीपर्यंत. मास्तरांनी फळ्यावर एका गणिताचं उत्तर चुकीचं लिहिलं होतं. मी म्हणालो चूक आहे. त्यांनी छडी काढली, मी दप्तर उचललं. उत्तर माझंच बरोबर होतं. पुढं चाळीस वर्षं ट्रक चालवला. कधी खोटं बोललो नाही, त्यामुळं तीन मालक बदलावे लागले. ट्रक सोडल्यावर सांगलीत या गल्लीत दोन खोल्या घेतल्या, आणि शेजार मिळाला तो शिदूचा. सगळे त्याला आण्णा म्हणतात. मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, म्हणून मी शिदू म्हणतो. तो मला डायवर म्हणतो.

शिदू एकटाच. लग्न केलं नाही. उंच, वाळका, मे महिन्यात सुद्धा अंगावर काळी शाल. खिडकीला जाड पडदा. खोलीत लाल रंगाचा बारका दिवा, त्यामुळं आत गेलं की माणसाला आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटायला लागतं. कोपऱ्यात लाकडाची कप्प्याची पेटी. तिच्यात अत्तरं. गुलाब नाही, मोगरा नाही, केवडा नाही. ऊद, शमामा, जटामांसी, लवंग, दालचिनी, कस्तुरी म्हणून विकतात ते, आणि तिखट वासाची काळी तेलं, त्यांची नावं बशीरभाईला पण माहीत नसतील. सगळी अंधाऱ्या वासाची. बाजारातली नावं शिदूला चालायचीही नाहीत. त्यानं बाटल्यांना स्वतःची नावं चिकटवलीत. 'बंद देऊळ'. 'विहिरीतली शेवटची पायरी'. 'आमुशाची पालखी'. 'टांगा आला, आत कोणी नाही'.

मी एकदा विचारलं, "गुलाबानं तुझं काय घोडं मारलंय?"

"गुलाब म्हंजे हिरोईन बागेत पळती," शिदू म्हणाला. "मोगरा म्हंजे गाणं सुरू झालं. मी गाण्याला बाहेर जाऊन चहा पितो, डायवर."

गल्लीत लग्न असो, मुलाखत असो, कोर्टाची तारीख असो, माणसं शिदूकडं जायची. तो माणसाला समोर बसवायचा, खालपासून वरपर्यंत बघायचा आणि बाटली काढायचा. मनगटावर एक बोट लावायचा आणि विचारायचा, "काय दिसतं?" वास कसा आहे, असं त्यानं कुणाला कधी विचारलं नाही. काय दिसतं, सांग. माणूस गोंधळायचा. कुणी म्हणायचं, देवळाचा गाभारा दिसतो. कुणी म्हणायचं, आमच्या आजोळची चूल. शिदू लक्ष देऊन ऐकायचा, अगदी पोलीस जबाब घेतात तसा, आणि मान हलवायचा. "आनी? आनी काय?" पुढं काही नसलं की त्याचं तोंड उतरायचं.

गल्लीतल्या एका पोराला त्यानं नोकरीच्या मुलाखतीला 'बंद देऊळ' लावून पाठवलं. पोरगं परत आलं. आम्ही विचारलं, काय झालं? म्हणालं, साहेबांनी दोनच प्रश्न विचारले आणि उठून खिडकी उघडली. नोकरी मात्र लागली. शिदूनं श्रेय घेतलं.

आमच्या मंडळींनी एकदा भाचीच्या बारशाला जाताना मोगरा मागितला. शिदू म्हणाला, "वैनी, मोगरा तुमास्नी शोभत न्हाई. तुमी दारात आला की समोरच्याला वाटलं पायजे, आता कायतरी व्हनार." आणि शमामा लावला. मला वाटलं, आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटतो. तर ती आठ दिवस ताठ मानेनं चालत होती. मला म्हणाली, "तुमास्नी तीस वर्षांत कळलं न्हाई, त्यास्नी एका बोटात कळलं."

मला त्यानं शेकडो वेळा विचारलं असेल. मी एकदाही हात पुढं केला नाही. बाटली पुढं आली की मी म्हणायचो, "तेल दिसतंय." काय दिसतं म्हणजे काय? वास नाकानं येतो, बघायचं डोळ्यानं. जे दिसत नाही ते दिसतं म्हणायचं, हे माझ्यानं होत नाही. शिदू बूच लावायचा आणि म्हणायचा, "तुझ्या डोक्यात उजेड लय हाय, डायवर. उजेडात पिच्चर दिसत न्हाई."

एकदा दारात बसलो असताना तो आपण होऊन म्हणाला, "एक वास घावायचा राहिलाय."

"कसला?"

"अंधारातला. गरम. लवंगंसारखा सुरू व्हतो. पुढं काय व्हतं ते म्हाईत न्हाई." आणि नाकाला बोट लावून म्हणाला, "हे आता मंद व्हाय लागलंय. सकाळी चहाचा वास येत न्हाई. नाक हाय तवर घावला पायजे."

"आणि नाही घावला तर?"

शिदूनं माझ्याकडं बघितलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर मी भीती बघितली. तो म्हणाला, "तर मंग लय वाईट व्हईल," आणि उठून आत गेला. मी पण पुढं विचारलं नाही. माणूस आपण होऊन सांगेल तेवढंच ऐकावं, असं माझं मत आहे.

भुताच्या पिच्चरचा त्याला नाद. नवा आला की मला घेऊन जाणार. भूत आलं की पोरी ओरडतात, शिदू खुशीत असतो. झुंबर हलतं, दार कुरकुरतं, तो माझ्या कानात सांगतो, "हितं ऊद पायजे. हितं जळक्या वातीचा वास पायजे." पण पिच्चरमध्ये कुणी दिवा घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरायला लागलं की हा उठतो. दर वेळी. पुढं सगळी गंमत त्या तळघरातच असते, आणि हा बाहेर कट्ट्यावर शेंगा खात बसलेला. मी एकदा चिडून म्हणालो, "अर्धं तिकीट काढत जा की मग." तो म्हणाला, "तू बघितलास न्हवं? उतरलेला वर आला का?" मी म्हणालो, आला. त्यावर त्यानं माझ्या हातात उरलेल्या सगळ्या शेंगा दिल्या. मला वाटलं, म्हातारा भित्रा आहे.

मागच्या साली माझ्या भाच्याच्या मुलीचं लग्न साताऱ्याला होतं. शिदूला आमंत्रण होतंच. त्यानं आधी आठ दिवस खोलीतून बाहेर पाऊल टाकलं नाही. शमामा, लवंगेचं तेल, जटामांसी आणि आणखी काय काय एकत्र करून एक बाटली भरली. तिच्यावर नाव नव्हतं. सकाळच्या एस्टीनं आम्ही निघालो. कराडपर्यंत त्यानं ती बाटली मुठीत धरून ठेवली होती.

कार्यालयाच्या दारात दोन पोरी पाहुण्यांच्या हाताला गुलाबाचं अत्तर लावत होत्या. शिदू त्यांच्याजवळ गेला आणि म्हणाला, "पोरींनो, जावा, जेवून घ्या. हे बायकांचं काम न्हवं." पोरींना काय, त्या पळाल्या. आणि शिदू काळी शाल सावरून दारात उभा राहिला.

पहिले सापडले नवऱ्या मुलाचे मामा. मिलिटरीतून सुभेदार म्हणून निवृत्त, मिशा वर वळलेल्या. शिदूनं त्यांच्या मनगटावर बोट टेकलं. सुभेदारांनी हात नाकाशी नेला आणि अटेन्शनमध्ये उभे राहिले.

"हे काय लावलंसा?"

"काय दिसतं?" शिदूनं विचारलं.

"दिसतंय काय? आमी लग्नाला आलोय का मयताला?"

"आनी? आनी काय दिसतं?"

सुभेदारांचा आवाज मांडवात पोचला. माझा भाचा पळत आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, ह्यांना आवरा. मुलाकडची माणसं रुसली तर निस्तरणार कोण?" मी म्हणालो, रुसायला काय झालं, वास तर चांगला दणकट आहे. पण वीस-पंचवीस पाहुण्यांच्या हाताला एव्हाना तो वास लागला होता आणि माणसं एकमेकांचे हात हुंगून कपाळाला आठ्या घालत होती. एक बाई तर नवरीला लवकर हळद लावा म्हणत होती, हळद आदल्या दिवशीच लागली होती तरी.

तेवढ्यात नवऱ्या मुलाची आजी आली. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांत फूल पडलेलं, नातीच्या खांद्यावर हात. तिनं हात पुढं केला. शिदूनं बोट टेकलं. म्हातारीनं मनगट नाकाशी नेलं आणि तिथंच थांबली. मागं रांग लागली तरी हलेना.

"काय दिसतं, आज्जी?" शिदूनं विचारलं.

"आवं, हे तर पेव हाय," म्हातारी म्हणाली. "पेव उगडलंय कुनीतरी."

शिदूनं बाटली दोन्ही हातांनी धरली.

आमच्या सांगलीकडं, हरिपूरच्या बाजूला, हळद साठवायला जमिनीत पेवं असायची. वरून तोंड एका माणसापुरतं, आत पंचवीस फूट खोल खड्डा, घागरीसारखा पोट सुटलेला. पाला अंथरून हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपायचं. वर्षानं उघडायची. मी ती हळद ट्रकनं वाहिलीय. म्हातारी तिकडचीच, हे मग कळलं. तिचा बाप पेवावर होता.

"अगदी तस्सं," ती म्हणाली. "हळकुंडं, वाळका पाला, वल्ली माती, काळोख. समदं हाय बघा."

"आनी?" शिदू म्हणाला. "आज्जी, आनी? आतली खराब हवा असती, तिचा? तिचा वास कसा असतो? लवंगंसारखा? का ग्वाड?"

म्हातारी हसली. तिच्या मनात काही नव्हतं, सरळ माणूस ते.

"त्या हवंला कुठला आलाय वास, बाबा? तिला वास असता तर मानसं मेली असती का? वास न्हाई म्हनून तर कंदील सोडायचा."

नात तिला आत घेऊन गेली. शिदूनं बाटलीचं बूच लावलं. नंतरच्या कुणाच्याही हाताला त्यानं अत्तर लावलं नाही. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. तो एका खुर्चीत बसून होता. सुभेदार स्वतः ताट घेऊन आले आणि म्हणाले, "राग मानू नका, वास आता आवडाय लागलाय." शिदूनं हात जोडले. जेवला नाही.

दुपारच्या एस्टीत शेजारी शेजारी बसलो. कराड गेलं. मग उसाच्या फडांकडं बघत, जसं काही दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी, तसं सांगायला लागला.

"म्हादू माझा धाकटा भाऊ. दोगं पेवावर व्हतो. पेव उगडलं की तोंड मोकळं ठिवायचं, खराब हवा जाऊ द्यायची. मंग दोरीनं कंदील आत सोडायचा. कंदील इजला तर उतरायचं न्हाई. जळत ऱ्हायला तर मानूस उतरायचा. आनी वरच्यानं सारखं विचारायचं, काय दिसतं? खालच्यानं सारखं बोलत ऱ्हायाचं. बोलनं थांबलं की दोरी वडायची."

मी त्याच्याकडं वळून बसलो.

"त्या दिशी तीनचा खेळ बघायचा व्हता. भुताचा पिच्चर. तिकिटं खिशात. मालकाचं काम उरकून पळायचं. कंदिलात राकेल नव्हतं. म्हादू म्हनला, आनून टाकतो. मी म्हनलो, कशाला रं? उशीर व्हईल. मी वरनं इचारतो, तू बोलत ऱ्हा."

एस्टी एका थांब्यावर थांबली. दोघं उतरले, एक चढला. गाडी सुटली तेव्हा शिदू पुढं बोलला.

"उतरला. मी इचारलं, काय दिसतं? तो म्हनला, आंधार दिसतोय, काय दिसनार, तुजं डोस्कं? हसला. मी परत इचारलं. म्हनला, आण्णा, कसला तर वास येतोय रं. लवंगंवानी. आनी..." शिदूनं हात हवेत तसाच धरला. "एवडंच. आनी म्हनला आनी ऱ्हायला. दोरी वडली, तर दोरी मोकळीच वर आली."

मग तो म्हणाला, "मला वाटायचं, तो वास घावला की कळंल, त्यो शेवटाला कुठं व्हता. काय बघत व्हता. म्हातारी म्हनती वासच नसतो."

एखादा सोयीचा माणूस असता तर म्हणाला असता, म्हातारीला काय कळतंय, असतो वास. पण तिचं खरं होतं. हळदीच्या धंद्यात ट्रक घातलेल्या कुणालाही ते माहीत आहे. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. इस्लामपूर आलं. सांगली आली.

त्यानंतर शिदूनं पेटी उघडली नाही. बशीरभाई आला तर त्याला म्हणाला, "समदं घेऊन जा. मला नको." बशीरभाई माझ्या दारात येऊन बसला आणि म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, वीस वर्षांत इतकी निवडक बाटली एका माणसाकडं बघितली नाही. मी कशी उचलू?" आमच्या मंडळींनी मला डोळ्यांनी ढोसलं. मी म्हणालो, मी कशाला जाऊ, मला अत्तरातलं काय कळतं? ती म्हणाली, "तुमास्नी कशातलं कळतं ते तरी सांगा." आणि माझ्या हातात चहाची किटली दिली.

सकाळची वेळ होती. मी गेलो. शिदूनं खिडकीचा पडदा काढून टाकला होता. भर उन्हात ती खोली कुणाच्याही खोलीसारखी दिसत होती, आणि तो तिच्यात लहान वाटत होता. पेटी दाराशी आणून ठेवलेली. वर ती बिननावाची बाटली.

मी किटली खाली ठेवली. मनगट पुढं केलं.

"लाव," मी म्हणालो.

त्यानं वर बघितलं. "तुला काय दिसनार, डायवर?"

"लाव म्हणतोय ना."

त्यानं बूच काढलं. बोट मनगटावर टेकलं, गार लागलं. मी हात नाकाशी नेला. लवंग होती, हळदीसारखं काहीतरी, जळकट, जुनं. मी डोळे मिटले. खरं सांगायचं तर मला काही दिसत नव्हतं. डोळे मिटल्यावर माणसाला जे लाल-काळं दिसतं तेवढंच. मग शिदूनं इतक्या हळू विचारलं की मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं.

"काय दिसतं?"

मास्तरांच्या छडीपुढं मी खोटं बोललो नव्हतो. तीन मालकांपुढं बोललो नव्हतो.

"कंदील दिसतोय," मी म्हणालो. "दोरीला बांधलाय. खाली चाललाय."



"पेटलेला हाय?"

"हाय. सरळ जळतोय. वात हलत न्हाई."

"आनी? आनी काय?"

"मागनं एक मानूस उतरतोय. तोंड दिसत न्हाई. हसतोय मात्र. कुनालातरी शिव्या देतोय, तुजं डोस्कं म्हनून."

मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर त्याच्याकडं बघावं लागलं असतं. किटलीतला चहा गार होत होता, त्याचा वास मला येत होता, त्याला येत नव्हता. नंतर माझं मनगट त्यानं आपल्या दोन्ही हातांत धरलं.

"डायवर," तो म्हणाला, "तू लबाड हायस."

मी म्हणालो, "व्हय."

त्यानं मनगट तसंच धरून ठेवलं. मग म्हणाला, "परत सांग."

मी परत सांगितलं.